रात्रीपुरता शेजार

मोहल्ल्यात कुणाला अर्ज लिहायचा असला की लोक आमच्याकडे येतात. आम्ही उर्दू शाळेत शिकवतो, पण कॉलेज मराठीतून झाले. त्यामुळे उजवीकडून आणि डावीकडून, दोन्ही बाजूंनी हात चालतो. रेशनकार्डात नाव घालणे, विजेचे बिल जास्त आले, स्कॉलरशिप अडकली, नालीवरची फरशी फुटली, असे कितीतरी अर्ज आम्ही लिहून दिले आणि विसरून गेलो. एक मात्र विसरता येत नाही. तो लिहिण्यात आमची चूक झाली की नाही, हे आम्हाला आजही नक्की सांगता येणार नाही. म्हणूनच हा लेख.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी, चक्कीच्या भिंतीला लागून, एक टेम्पो उभा राहू लागला. वर ताडपत्रीचे छप्पर. आत दोन पत्र्याच्या पेट्या, अंथरुणे, स्टोव्ह आणि धार लावायचे चाक. माणसे पाच : नवरा, बायको, नवऱ्याची म्हातारी आई, नऊ-दहा वर्षांची मुलगी आणि एक रांगते मूल. शिकलगार होते. दिवसभर टेम्पो घेऊन पेठापेठांतून सुऱ्या, विळ्या, कात्र्या, अडकित्ते यांना धार लावीत फिरायचे आणि रात्री नऊच्या सुमारास परत चक्कीच्या भिंतीशी यायचे. सकाळी सातला गाडी निघून जायची.

पहिले दोन-तीन दिवस कुणी काही बोलले नाही. उलट मोहल्ल्यातल्या बायकांनी घरातली सगळी बोथट हत्यारे बाहेर काढली. आमच्या घरच्याही दोन सुऱ्या अम्मीने दिल्या.

मग कुरबुर सुरू झाली. ती खोटी नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो. गरिबांची बाजू घेणारे लेख आपल्याकडे पुष्कळ लिहिले जातात आणि त्यांत तक्रार करणारा शेजारी नेहमी दगडाच्या काळजाचा असतो. आमचे शेजारी तसे नाहीत. बारा फुटांची गल्ली, तिच्या तोंडाशी टेम्पो. शाळेच्या मुलांची रिक्षा वळायला दोनदा मागे-पुढे करावी लागे. सार्वजनिक नळाला पाणी येते ते मोजून, त्यात पाच माणसांची भर. पहाटे अंधारात त्या बायका मागच्या मोकळ्या जागेत जात आणि त्या जागेला लागून ज्यांची घरे आहेत त्यांना खिडक्या लावून घ्याव्या लागत. समोरच्या खाला म्हणाल्या, "मेरे कू उस बेचारी पे गुस्सा नहीं आता रे. पन मेरी खिडकी तो मेरीच है ना?" यावर काय बोलणार?

आणि मग ती रात्र. पलीकडच्या घरात एका म्हाताऱ्या चाचांच्या छातीत दुखू लागले. रात्री दोन वाजता १०८ ची रुग्णवाहिका आली, पण ती वळेना. टेम्पोवाला धडपडत उठला, चावी फिरवली. थंडीत इंजिन धरेना. शेवटी चाचांना खुर्चीत बसवून चौघांनी उचलून मोठ्या रस्त्यापर्यंत नेले. त्या चौघांत टेम्पोवालाही होता. चाचा वाचले. पण दुसऱ्या दिवशी फजरनंतर लोक जमले तेव्हा तो खुर्ची उचलायला होता ही गोष्ट कुणी काढली नाही. गाडी वळली नाही एवढेच सगळ्यांच्या तोंडी होते. आम्हीही काढली नाही.

अर्ज आम्ही लिहिला. त्यावर तेवीस सह्या झाल्या. "काही अज्ञात इसम" अशी सुरुवात केली. "रहिवाशांच्या आरोग्यास धोका" लिहिले, ते खरे होते. "आपत्कालीन वाहनास अडथळा" लिहिले, तेही खरे होते. आणि मग, कुणी सांगितले नसताना, आमच्याच हाताने आम्ही एक शब्द घातला : "संशयास्पद". अर्जाला जरा वजन यावे म्हणून. त्या कुटुंबात संशय घेण्यासारखे काय होते, असे कुणी विचारले असते तर आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्यांच्याकडे सुऱ्या होत्या म्हणावे, तर त्या आमच्याच होत्या.

अब्बांनीही सही केली. याचे आम्हाला आश्चर्य वाटले. कारण अब्बांनी आयुष्याची सत्तावीस वर्षे ट्रकवर काढली, आधी क्लीनर म्हणून आणि मग ड्रायव्हर म्हणून. हैदराबाद, नागपूर, सुरत, मुंबई. किती रात्री ते कुणाकुणाच्या दारासमोर केबिनमध्ये झोपले असतील याचा हिशेब नाही. आम्ही तसे म्हणालो तेव्हा ते म्हणाले, "मेरी आधी उमर तो दुसऱ्यां के दरवाजे पे निकली. इसलिएच मालूम है, गाडी खडी रहती तो क्या क्या होता. हम पंप पे लगाते, ढाबे पे लगाते. बस्ती में लगाना पडा तो पूछ के लगाते." मग थोडे थांबून म्हणाले, "उसने पूछा क्या किसकू?"

त्याने विचारले नव्हते. पण आमच्यापैकी तरी त्याला कुणी काही विचारले होते का? सुऱ्या देताना "कितना लेगा" एवढेच.

रस्ता कुणाचा, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. फिकहच्या किताबांत रस्त्यांचे दोन प्रकार केलेले आहेत. दोन्ही तोंडे उघडी असलेला रस्ता सर्वांचा. एका बाजूने बंद असलेली गल्ली मात्र तिच्यात ज्यांची दारे उघडतात त्यांची, सगळ्यांची मिळून. बंद गल्लीत परक्याला काही करायचे तर सर्व घरवाल्यांची परवानगी हवी. उघड्या रस्त्यावर तशी परवानगी मागायचे कारण नाही, पण येणाऱ्या-जाणाऱ्याला अडचण होईल असे तिथे काही उभे करता येत नाही, आणि केलेच तर वाटेने जाणारा कुणीही त्याला हरकत घेऊ शकतो. हरकत घेणारा तिथला रहिवासी असायची गरज नाही. आम्हाला या विचाराचे फार कौतुक वाटते. हक्क वाटेने जाणाऱ्याचा आहे, दारात बसलेल्याचा नाही.

आमची गल्ली दोन्हीकडून उघडी आहे. म्हणजे ती टेम्पोवाल्याचीही होती, जोवर तो अडथळा होत नव्हता तोवर. रुग्णवाहिका वळली नाही त्या रात्री तो अडथळा झाला, यात शंका नाही. पण हाच गज घेऊन आम्ही आमच्या गल्लीत फिरलो तर? सही करणाऱ्या तेवीसजणांपैकी निम्म्यांचे ओटे नालीच्या पुढे आलेले आहेत. एकाच्या दोन मोटारसायकली आणि एक बंद पडलेली रिक्षा वर्षभर रस्त्यावरच असते. शादीचा मांडव दोन-दोन दिवस पूर्ण रस्ता अडवतो आणि तेव्हा रुग्णवाहिका आली तर काय, हे कुणी विचारत नाही. मूळ बारा फुटांची गल्ली ओट्यांनी नऊ फुटांची केली आणि उरलेल्या नऊ फुटांत टेम्पो मावला नाही, असेही या घटनेकडे पाहता येते. अर्जात हे लिहायला जागा नव्हती, असे म्हणू या.

सरकारी कायद्याची एक गंमत आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२७ व्या कलमाप्रमाणे, सार्वजनिक जागी दहा तास किंवा जास्त वेळ बेवारस सोडलेले वाहन, किंवा मनाई असलेल्या जागी लावलेले वाहन, पोलीस उचलून नेऊ शकतात. म्हणजे कायद्याच्या डोळ्यांसमोर आहे ती माणूस नसलेली गाडी. जिच्यात पाच माणसे झोपलेली आहेत ती बेवारस कशी? गाडी हेच घर असलेला माणूस हे कलम लिहिणाऱ्याच्या डोक्यात आलेला दिसत नाही. आमचा टेम्पो रात्री नऊ ते सकाळी सात, बरोबर दहा तास उभा असायचा. पण बेवारस एक मिनिटही नाही.

फुटपाथवर झोपणाऱ्यांचा प्रश्न मात्र सुप्रीम कोर्टासमोर गेला होता. १९८५ सालचा ओल्गा टेलिस खटला, मुंबईचा. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, असे पाच न्यायमूर्तींनी सांगितले. त्याच निकालात असेही सांगितले की फुटपाथ चालण्यासाठी आहे, तो खासगी वापरासाठी अडवण्याचा हक्क कुणाला नाही. मात्र हटवण्यापूर्वी नोटीस द्या, म्हणणे ऐका. पावसाळा होता म्हणून ३१ ऑक्टोबरपर्यंत हात लावू नका, असाही आदेश होता. माणूस चुकीच्या जागी आहे हे मान्य करूनही त्याला पावसात काढायचे नाही. आम्ही आमच्या माणसाला डिसेंबरच्या थंडीत काढले, ऐकून न घेता.

वर "संशयास्पद" या शब्दाविषयी लिहिले. त्याचे मूळ आमच्याच शहरात सापडते. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. जन्मानेच माणूस गुन्हेगार ठरवणारा कायदा. फिरस्त्या जमातींना गावात आल्याची वर्दी द्यावी लागे, हजेरी लावावी लागे, जायचे तर पास काढावा लागे. पुढे त्यांना कुंपणाच्या वसाहतींत ठेवण्यात आले आणि सोलापूर हे अशा वसाहतींचे मोठे ठिकाण होते. गिरण्यांना मजूर हवे होते, सरकारला नजरेसमोर माणसे हवी होती, दोघांची सोय झाली. तारेच्या आतून माणसे मोजून कामाला सोडायची, मोजून परत घ्यायची. आजही सोलापुरात कुणाला "सेटलमेंट" म्हटले तर तो रिक्षाने बरोबर नेऊन सोडतो, इतके ते नाव रुळले आहे. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला.

त्या कायद्यात फक्त पारधी, कैकाडी, टकारी होते असे आपल्या लोकांना वाटते. छप्परबंदही होते. ते मुसलमान. नावाप्रमाणे छप्परे शाकारणारे. त्यांच्या सगळ्या जमातीवर खोटी नाणी पाडणारे म्हणून शिक्का मारला गेला. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आजही त्यांचे नाव आहे. आपल्या संमेलनांतून आपण मुस्लिमांकडे संशयाने पाहिले जाते याबद्दल बोलतो, आणि बरोबरच बोलतो. भाड्याने घर मागायला गेल्यावर आडनाव ऐकून बदलणारा चेहरा आम्हीही पाहिला आहे. मग आमच्याच मोहल्ल्यात, आमच्याच कलमेवाल्या माणसाविषयी, आमच्याच हातून तो शब्द कसा उतरला? आणि तो कलमेवाला नसता तर तो शब्द बरा ठरला असता काय? हा दुसरा प्रश्न आम्ही स्वतःला उशिरा विचारला, हेही कबूल करायला हवे.

फिरत्या माणसाची अडचण अशी की त्याच्यापाशी पत्ता नसतो, आणि पत्ता नसलेल्याचे कुणी लागत नाही. आम्ही नंतर एका नगरसेवकांना सहज विचारले की अशा लोकांसाठी शहराबाहेर एखादी जागा, एक नळ, दोन संडास होऊ शकणार नाहीत का? ते भले गृहस्थ आहेत, त्यांनी मनापासून विचारले, "सर, त्यांचं मतदान कुठं आहे?"

जागा करता येत नाही असे मात्र नाही. जानेवारीत होम मैदानावर सिद्धेश्वरांच्या यात्रेचा गड्डा भरतो. पाळणेवाले, दुकानदार ट्रक घेऊन येतात, तिथेच राहतात, तिथेच शिजवतात. त्यांना कुणी अज्ञात इसम म्हणत नाही. उलट आपली पोरे त्यांची वाट पाहतात. आषाढीला पंढरपूरच्या वाटेवर दिंड्यांचे सामान वाहणारे ट्रक गावोगाव उभे असतात, आणि लोक अंगण, शेत, शाळा उघडून देतात. आपलेच पाहा. जिल्हिजच्या आदल्या महिन्यात, जिलकादमध्ये, ख्वाजा बंदे नवाज यांच्या उरुसाला गुलबर्ग्याला जाताना आम्ही लहानपणी टेम्पोतूनच जायचो. रस्त्याच्या कडेला तीन विटा मांडून देगची चढायची, बायका ताडपत्रीच्या आडोशाला आणि पुरुष टेम्पोखाली झोपायचे. ते कुणाचे दार होते, त्यांच्या खिडक्या आम्ही लावायला लावल्या का, हे आम्हाला माहीत नाही. आम्हाला ती रात्र फार सुंदर वाटायची.

जुन्या लोकांनी यावर उपाय काढलेला होता. शेरशाहने आपल्या सडकेवर दर दोन कोसांवर सराय बांधली, असे इतिहासकार लिहितात. माणसाला पाणी आणि निजायला जागा, जनावराला चारा. सराय म्हणजे दया नव्हे, ती व्यवस्था आहे. वाटसरूला जागा दिली की तो कुणाच्या दारात झोपत नाही, आणि दारवाल्यालाही चांगले राहणे सोपे जाते. आमच्या खालांच्या खिडकीचा प्रश्न उपदेशाने सुटणार नव्हता, दोन संडासांनी सुटला असता.

महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आहे. म्हणजे पलंग, स्वयंपाकघर, संडास असलेल्या मोठ्या गाड्या, आणि त्या उभ्या करायला पाणी, वीज यांची सोय असलेली मैदाने. चांगले आहे. उर्दू शिकवणाऱ्याला एक गोष्ट लगेच दिसते : कॅराव्हॅन म्हणजे आपला कारवाँ. फारसीतून हा शब्द युरोपात गेला, इंग्रजांनी त्याचे शेपूट तोडून "व्हॅन" केले, आणि आता तो पर्यटनाचा होऊन परत आला. ज्यांचा तो मूळचा, ते मात्र चक्कीच्या भिंतीशी. तशी गाडी आमच्या गल्लीत आली असती तर पोरांनी तिच्यासमोर उभे राहून फोटो काढले असते. "संशयास्पद" हा शब्द कुणाला सुचला नसता. रुग्णवाहिका मात्र तेव्हाही वळली नसतीच.

परदेशातही हे भांडण आहे, आणि तिथे ते श्रीमंतांच्या गाड्यांपुरते नाही. फ्रान्समध्ये गावोगाव अशा गाड्यांसाठी ठरावीक जागा आहेत, तिथे पाणी भरता येते, घाण टाकता येते. अमेरिकेत लॉस एंजेलिससारख्या शहरात घरभाडे परवडत नाही म्हणून जुन्या गाड्यांत राहणारी कुटुंबे आहेत, आणि त्यांच्यासमोर घरे असलेल्या लोकांच्या तक्रारी खालांच्या तक्रारीहून वेगळ्या नाहीत. २०२४ साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने ग्रँट्स पास नावाच्या गावाच्या बाजूने निकाल दिला : सार्वजनिक जागी मुक्काम करून झोपणाऱ्याला दंड करता येतो. आमच्या १९८५ च्या कोर्टाने निदान पावसाळा मोजला होता.

कुराणात जकातीचे जे आठ हकदार सांगितले आहेत त्यांत इब्नुस्सबील आहे. शब्दशः "वाटेचा मुलगा". आम्ही वर्गात हा शब्द शिकवताना मुलांना सांगतो की प्रवासात अडकलेला माणूस, मग तो घरी श्रीमंत का असेना. शेजाऱ्यांविषयी जिथे सांगितले आहे तिथे जवळचा शेजारी, परका शेजारी आणि "बाजूचा सोबती" असे तीन आहेत, आणि त्यापाठोपाठ पुन्हा वाटेचा मुलगा. पाहुणचाराला मर्यादाही आहे. तीन दिवस हक्काचे, पुढे खैरात, आणि यजमानाला जड होईल इतके राहणे पाहुण्याला योग्य नाही. ही मर्यादा आम्हाला आवडते, कारण ती दोघांनाही बांधते. टेम्पो वीस दिवस होता. म्हणजे पाहुण्याने आपली मर्यादा सोडली. आम्ही पहिल्या तीन दिवसांत काय केले, एवढेच आमच्याकडून विचारले जाईल.

आम्ही काय केले नाही ते सांगतो. ४ जुलै २०१५ रोजी राज्यभर शाळाबाह्य मुलांचे सर्वेक्षण झाले. आम्ही तेव्हा नुकतेच नोकरीला लागलो होतो. बसस्थानक, पाल, वीटभट्टी असे शोधत फिरलो, मुलांच्या बोटाला शाई लावली. शिक्षणहक्काचा कायदा २००९ चा. त्याप्रमाणे दाखला नाही म्हणून मुलाला नाकारता येत नाही, वयाप्रमाणे वर्गात बसवायचे, हे आम्हाला पाठ आहे. आणि वीस दिवस आमच्या घरापासून साठ पावलांवर नऊ-दहा वर्षांची एक मुलगी रोज सकाळी सातला टेम्पोत बसून जात होती. त्याच वेळी आम्ही शाळेला निघत होतो. एकदा तिने आमच्या हातातले पुस्तक पाहून विचारले, "ये उलटा पढते क्या?" आम्ही "हां" म्हणून घाईने पुढे गेलो. घंटा होण्याची वेळ झाली होती.

अर्ज दिल्याच्या तिसऱ्या दिवशी हवालदार येऊन गेले. ओरडले नाहीत, मारले नाही, हेही लिहायला हवे. "इथून हलवा" एवढेच सांगितले. सकाळी टेम्पो गेला तो रात्री आला नाही. जागा झाडून स्वच्छ केलेली होती. मोहल्ल्याच्या राहिलेल्या वस्तू, तीन कात्र्या, एक अडकित्ता आणि आमच्या दोन सुऱ्या, वर्तमानपत्रात गुंडाळून चक्कीवाल्याकडे ठेवून गेला होता. सगळ्यांना धार लावलेली. पैसे कुणाचेही घेतलेले नव्हते. आमचे चाळीस रुपये निघत होते.

मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी, हे आम्ही सहावीला शिकवतो. अम्मीने ते चाळीस रुपये वेलदोड्याच्या डबीत वेगळे ठेवले. रिक्षा आता एका फेरीत वळते. खालांची खिडकी उघडी असते, आणि ती उघडी असावी असेच आम्हालाही वाटते. बंद पडलेली रिक्षा अजून तिथेच आहे.

गेल्या महिन्यात मोटारसायकलवर चाक बांधलेला एक शिकलगार आला. सुऱ्या पुन्हा बोथट झाल्या होत्या. आम्ही त्याला त्या टेम्पोबद्दल विचारले, म्हातारी आई, एक मुलगी, एक लहान मूल असे सगळे वर्णन केले. तो चाक फिरवत ऐकत होता. "पैंचान के होएंगे," तो म्हणाला. "नाम क्या उसका?"

आम्हाला सांगता आले नाही.